वाचक विचारतात : कोट तर छान निवडला, आता त्यावर लिहू काय?

सेमिस्टर संपत आली की आपल्या सदराकडे एकाच प्रकारचे प्रश्न यायला लागतात, साहित्याच्या पेपरचे. यावेळी तर बहुतेक सगळ्यांनी कोट म्हणजे अवतरणं निवडण्याबद्दलच विचारलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांना सविस्तर उत्तराची गरज आहे असं वाटलं त्यांना जास्त जागा दिलीय.

प्रश्न : मी बी.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परभणीला. आम्हाला असाइनमेंट आहे की अभ्यासाला असलेल्या पुस्तकातून दहा अर्थपूर्ण अवतरणं निवडा आणि प्रत्येकावर स्वतःचं भाष्य लिहा. मी 'श्यामची आई' घेतलं. सगळी सुंदर सुंदर वाक्यं काढली, खाली अर्थ लिहिला, तर सरांनी प्रत्येक ठिकाणी 'हा अर्थ झाला, भाष्य कुठे?' असा शेरा मारून वही परत दिली. मला खरंच कळत नाहीये की यापेक्षा वेगळं काय लिहायचं असतं.

उत्तर : सरांचा शेरा बरोबर आहे पण अर्धवट आहे, कारण गडबड लिहिताना झालेली नाही, त्याच्या आधी निवडतानाच झालीय. तू सुंदर वाक्यं काढलीस असं तूच लिहिलंयस ना, तिथेच बघ. जे वाक्य पुस्तकातून उचलून शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिता येतं त्याच्यावर भाष्य करायला फार जागा उरलेली नसते. ते आपलं आपण पूर्ण असतं, मग आपण तेच वाक्य जरा लांबवून परत लिहितो आणि त्याला स्पष्टीकरण म्हणतो.

तुझ्या यादीत मला खात्री आहे की ते पायाच्या घाणीचं वाक्य असणारच. आई श्यामला म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. हे वाक्य निवडणं चूक नाहीच, उलट उत्तम निवड आहे, पण त्याच्यावर 'आईने श्यामला मनाच्या शुद्धतेचे महत्त्व पटवून दिले' असं लिहिलंस तर संपलं. आता पुस्तक परत उघड आणि त्या वाक्याच्या आधीचं पान वाच. काय झालंय तिथे? छोट्या श्यामची आंघोळ झालीय, अंग पुसून झालंय, पण तळवे ओले आहेत आणि खाली उतरलं की त्यांना माती लागणार, म्हणून तो हट्ट धरतो की तुझे ओचे धोंडीवर पसर, मी त्याच्यावर पाय टिपतो आणि मग उडी मारतो. आई हट्टी आहेस म्हणते, कुठून एकेक शिकून येतोस म्हणते, आणि तरी ओचे पसरते. नेसूचं लुगडं ओलं होतं. हे सगळं झाल्यानंतर, आणि लगेच नाही, श्याम देवापाशी गेल्यावर, मग ती ते वाक्य बोलते.

आता सांग, भाष्याला जागा कुठे आहे? मला तरी दोन ठिकाणी दिसते. एक म्हणजे क्रम. तिने आधी हट्ट पुरवला आणि मग सांगितलं. हट्ट करतो म्हणून रागावून उपदेश केला असता तर तेच शब्द टोमण्यासारखे लागले असते. लुगडं ओलं झाल्यावर तेच शब्द वेगळे ऐकू येतात कारण ऐकणाऱ्याला माहितेय की हिने माझ्या पायांसाठी काय केलं. दुसरी जागा अजून भारी आहे आणि ती फारसं कोणी लिहीत नाही. ओल्या लुगड्याकडे लक्ष कोणाचं जातं? लहान श्यामचं नाही, तो उडी मारून गेला पण. ते बघतो मोठा झालेला श्याम, जो रोज रात्री मित्रांना या गोष्टी सांगतोय. त्या पुस्तकात दोन श्याम आहेत, एक ज्याच्या बाबतीत घडतंय आणि एक ज्याला ते खूप उशिरा कळतंय, आणि पुस्तक वाचताना डोळ्यात जे पाणी येतं ते बऱ्याचदा या दोघांमधल्या अंतरामुळे येतं असं माझं मत आहे. हे तू लिहिलंस, आणि दाखवायला हाच प्रसंग दिलास, तर ते भाष्य. सर सहमत होतील न होतील, पण 'भाष्य कुठे' असं विचारणार नाहीत.

म्हणजे निवडायचा नियम मी असा सांगेन : वाचताना जिथे तू थांबलीस ते वाक्य घे. आवडलं म्हणून थांबलीस, पटलं नाही म्हणून थांबलीस, हा माणूस आत्ता हे का बोलला असं वाटलं म्हणून थांबलीस, काहीही चालेल. जिथे काही खटकतं तिथे तर हमखास थांब. दहा अवतरणं आहेत ना, मग दहाच्या दहा आईच्या शिकवणीची नको घेऊस, दोनतीन साधी घे, नुसतं घराचं, जेवणाचं, कर्जाचं वर्णन असलेली, आणि एखादी जोडी अशी घे जी एकमेकांशी भांडते. भाष्य तिथे आपोआप सुचतं कारण दोन्ही खरं कसं असेल हे तुला सांगावंच लागतं.

आणि वहीचं एक सांगते, फार उपयोगी पडतं. डाव्या पानावर अवतरण जसंच्या तसं, पान नंबर, कोण बोलतंय, कोणाला, आणि आधी काय घडलंय एवढं एका ओळीत. उजवं पान तुझं. तिथे पहिल्या दिवशी नुसते प्रश्न लिहिलेस तरी चालेल, उत्तरं दुसऱ्यांदा वाचताना लिही. डावं पान पूर्ण भरल्याशिवाय उजव्या पानाला हात लावायचा नाही.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झाल्यावर मुक्त विद्यापीठातून मराठीचा कोर्स करतोय. आमच्या अभ्यासगटात पसायदानातल्या 'जो जें वांछील तो तें लाहो' या ओळीवरून वाद झाला. माझं म्हणणं की ज्ञानेश्वरांचं मन एवढं मोठं की ज्याला जे हवं ते मिळो म्हणाले, बास. एक बाई म्हणाल्या की मग चोराला चोरी मिळो असं होईल. मला उत्तर सुचलं नाही. कोणाचं बरोबर?

उत्तर : काका, त्या बाईंनी शंका विचारली ती फार चांगली विचारली आणि तिचं उत्तर त्याच ओवीत आणि तिच्या आधीच्या ओवीत आहे, फक्त आपण सगळे ही ओळ एकटी म्हणतो, लग्नपत्रिकेवर छापतो, बॅनरवर लावतो, त्यामुळे तिच्या आधीच्या ओळी कानाआड होतात. पूर्ण ओवी अशी आहे : 'दुरिताचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो । जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥' आणि हिच्याही आधीची ओवी : 'जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥'

मागणं कोणत्या क्रमाने आलंय बघा. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, मग त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, मग सगळ्या जीवांची एकमेकांशी मैत्री होवो, मग पापाचा अंधार जावो, सगळ्या विश्वाने स्वधर्माचा सूर्य पाहो, आणि एवढं सगळं झाल्यावर मग ज्याला जे हवं ते मिळो. म्हणजे चोराला चोरी मिळो हा प्रश्नच उरत नाही कारण चोराची चोरीची इच्छा आधीच्याच ओवीत गेलेली आहे. ज्ञानेश्वरांचं मन मोठं आहे हे तुमचं म्हणणंही चुकीचं नाही, पण ते मोठेपण इच्छा पुरवण्यात जितकं आहे तितकंच, माझ्या मते जास्तच, हवं काय वाटावं तेच आधी बदलून घेण्यात आहे.

अजून एक शब्द सुटतो तो 'प्राणिजात'. ओवीचा शेवट तिथे आहे आणि आपण कोट करताना तो बऱ्याचदा गाळतो. नुसती माणसं नाहीत, सगळे प्राणी. आता वाघालाही हवं ते मिळायचं आणि हरणालाही हवं ते मिळायचं तर ते कसं जमावं? मग 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' हे किती धाडसी मागणं आहे ते लक्षात येतं. असाइनमेंटमध्ये हा प्रश्न असाच उघडा ठेवलात तरी हरकत नाही, त्याचं उत्तर देण्याचा आव आणायची गरज नाही, प्रश्न बरोबर जागेवरून उठलाय एवढं दिसलं पाहिजे.

आणि ही ओवी येते कुठे तेही एका वाक्यात लिहा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, म्हणजे गीतेवरचं सगळं निरूपण पूर्ण झाल्यावर, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० हे ग्रंथाचं साल, आणि मागणं मागितलंय ते या वाग्यज्ञाने, म्हणजे शब्दांच्या यज्ञाने, संतुष्ट झालेल्या विश्वात्मक देवाकडे. एवढा मोठा ग्रंथ सांगून झाल्यावर स्वतःसाठी काही मागितलेलं नाही हे ज्याला दिसेल त्याच्या भाष्यात वजन येईलच. अभ्यासगटातल्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. रसग्रहणाला तिचे मार्क जातात. गाईडमधलं पाठ करून लिहिते, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन परिच्छेद पाडते, तरी मार्क जातात. आई म्हणून मी काय मदत करू? मी स्वतः कॉमर्सची.

उत्तर : ताई, तुम्ही कॉमर्सच्या आहात याने काही बिघडत नाही. तीन परिच्छेद पाडणं ठीक आहे, बोर्डाला तसंच हवं असतं, पण गाईडमधली वाक्यं अशी असतात की ती कुठल्याही कवितेला चालतात. 'कवयित्रीने साध्या सोप्या भाषेत जीवनाचे तत्त्वज्ञान मांडले आहे' हे वाक्य घ्या आणि सांगा कोणत्या कवितेला चालणार नाही.

एक करून बघा. बहिणाबाईंच्या ओळी घ्या, त्या तर तुम्हालाही पाठ असतील : 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर.' मुलीला विचारा की चटका नक्की कधी बसतो. ती भाकरी करत नसेल तर एकदा स्वयंपाकघरात उभी करा. थापलेली भाकरी हाताने उचलून तव्यावर टाकायची, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची, हे सगळं होताना हात तापलेल्या तव्याच्या अगदी जवळ असतो. म्हणजे ही ओळ चुलीपुढे बसलेल्या बाईचीच आहे, लांबून संसाराकडे बघून कोणी उपमा शोधलेली नाही. हे तिने स्वतःच्या शब्दात दोन वाक्यात लिहिलं की काव्यसौंदर्याचा परिच्छेद झाला.

आणि पुढचं कडवं वाचायला सांगा, 'अरे संसार संसार, खोटा कधी म्हनू नहीं, राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनू नहीं.' चटक्यांचं बोलून झाल्यावर लगेच देवळाच्या कळसाचं नाव घेतलंय. चुलीवरून एकदम कळसावर. चटके बसतात हे मान्य, म्हणून संसार खोटा म्हणायचा नाही, हे दुसऱ्या कडव्याशिवाय कळत नाही, आणि जी मुलं फक्त पहिलं कडवं लिहितात त्यांचं रसग्रहण 'संसारात दुःख असते' इथेच अडकतं.

एक कळकळीची विनंती, अवतरणात 'म्हनू', 'नहीं', 'कयसाले' असंच लिहू द्या. शुद्धलेखनाच्या भीतीने मुलं 'म्हणू नाही' आणि 'कळसाला' करून टाकतात आणि मग भाषिक वैशिष्ट्यं या परिच्छेदात लिहायला काही शिल्लकच राहत नाही, कारण जे वैशिष्ट्य होतं ते आपणच पुसलेलं असतं. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, घरातल्यांनी ऐकून उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं, पुस्तक निघालं १९५२ साली म्हणजे त्या गेल्यावर. ज्यांनी उतरवलं त्यांनी बोली जपली, आपणही जपूया.

प्रश्न : नागपूरला एम.ए. इंग्लिश करतोय. 'नावात काय आहे? असं शेक्सपिअर म्हणतो' असं मी पेपरमध्ये लिहिलं तर मॅडमनी 'म्हणतो' या शब्दाला गोल केला. एवढं काय चुकलं?

उत्तर : चुकलं ते छोटं दिसतं पण अख्खं उत्तर त्याच्यामुळे घसरतं. शेक्सपिअर नाही म्हणत, त्याच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकातली ज्युलिएट म्हणते. अजून चौदाही पूर्ण न झालेली मुलगी, दुसऱ्या अंकात, रात्री, आपल्याला कोणी ऐकत नाहीये असं समजून, शत्रूच्या घरातल्या मुलाच्या प्रेमात पडल्यावर, की गुलाबाला दुसरं नाव दिलं तरी वास तोच येणार. तिला हे मनापासून वाटतं. आणि नाटक तिला काय उत्तर देतं? त्या नावांपायीच तिचा मामेभाऊ टिबाल्ट मरतो, रोमिओला हद्दपार केलं जातं आणि शेवटी ती दोघंही जातात. नावात काय आहे याचं उत्तर त्या नाटकात तरी 'सगळंच आहे' असं निघतं. तू 'शेक्सपिअर म्हणतो' लिहिलंस की तिचं स्वप्न हे लेखकाचं मत झालं आणि नाटकातला सगळा ताण गेला.

नाटक असो, कादंबरी असो, कोट खाली लिहिताना आधी पात्राचं नाव. प्रथमपुरुषी कादंबरीत तर जास्तच जपायला लागतं. मराठीत हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आहे, ती १८९० पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः आली, तिच्यात सगळी कथा यमू सांगते, आणि वाचणारा सहज विसरतो की हे लिहिणारा एक पुरुष आहे आणि बोलणारी बाई त्याने उभी केलीय. कोण बोलतंय आणि कोण बोलवतंय, दोन्ही माहीत असेल तर तुझ्या भाष्याला दुप्पट जागा मिळते.

प्रश्न : पु.लं.चं म्हणून एक सुंदर वाक्य व्हॉट्सअपवर आलं होतं, ते मी निबंधात टाकलं. परीक्षकांनी कोणत्या पुस्तकातलं असं विचारलं. मला सापडत नाहीये. आता मी चॅटबॉटला विचारलं तर त्याने पुस्तकाचं नाव आणि पान नंबर पण दिला. ते टाकू का?

उत्तर : नको. कृपा करून नको. पु.ल. आणि व.पु. यांच्या नावावर फिरणारी किती वाक्यं त्यांची नसतात हे ज्यांनी त्यांची पुस्तकं खरंच वाचलीत त्यांना विचार, ते वैतागलेले असतात. आणि चॅटबॉट आत्मविश्वासाने पान नंबर देतो म्हणून त्या पानावर ते वाक्य असेलच असं नाही, तो न घडलेलं अवतरणही तितक्याच सहज देतो. लायब्ररीत जा, पुस्तक काढ, पान उघड. वाक्य डोळ्यांनी दिसलं तर लिही, नाही दिसलं तर सोडून दे, कितीही आवडलेलं असलं तरी. दुसऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घालणं हे मला मार्कांच्या पलीकडचं वाटतं, तो माणूस आता उत्तर द्यायला नाहीये म्हणून तर जास्तच. आणि शोधताना दुसरंच काहीतरी चांगलं हाती लागण्याची शक्यता खूप, तेच वापर, त्याचा पान नंबर तुझ्याकडे असेल.

प्रश्न : अवतरण किती मोठं असावं? आमच्याकडे कोणी एक ओळ म्हणतं, कोणी अख्खा परिच्छेद. आणि 'संदर्भासह स्पष्टीकरण' आणि हे भाष्य यात फरक काय? (एम.ए. भाग १, कोल्हापूर)

उत्तर : जेवढ्यावर तू बोलणार आहेस तेवढं. चार ओळी उतरवल्या आणि भाष्य एकाच ओळीवर असेल तर बाकीच्या तीन काढून टाक, आणि अर्थ लागायला आधीची ओळ हवीच असेल, वर पसायदानाचं सांगितलं तसं, तर ती ठेव. कविता असेल तर ओळी जिथे तुटतात तिथेच तोड, सलग गद्यासारखी लिहू नकोस, आणि मधलं काही गाळलं तर तीन टिंबं दे. गाळताना अर्थ उलटा होत नाही ना एवढं मात्र दोनदा बघ, 'नाही' गळाल्यामुळे लेखकाच्या तोंडी भलतंच मत गेलेलं मी पेपर तपासताना पाहिलंय.

संदर्भासह स्पष्टीकरणात ओळ परीक्षकाने निवडलेली असते, त्यामुळे तिथे कोणाची, कुठली, केव्हा हे आधी आणि नेमकं लिहायचं, मग अर्थ, मग त्या कृतीत तिचं काम काय. असाइनमेंटमधल्या भाष्यात ओळ तू निवडलेली असतेस, म्हणून हीच का निवडली हे सांगणं तुझ्यावर येतं, आणि ते पहिल्या दोन वाक्यात यावं. 'मला आवडली म्हणून' हे कारण चालतं का असं बरेच जण विचारतात. चालतं, पण पुढे काय आवडलं ते ओळीतल्या शब्दांवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर ती ओळ वहीत असू दे, असाइनमेंटला दुसरी घे, आणि सहा महिन्यांनी परत तिच्याकडे ये.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना पुस्तकाचं नाव आणि अडलेली ओळ पूर्ण लिहा, आधीच्या आणि नंतरच्या ओळीसकट.